खिळ्यांपासून कळफलकापर्यंत : एका स्वतंत्र उपजीविकेची गोष्ट

(संगणक-कौशल्यावर स्वतंत्र व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती सांगणारे वडीलधारेच मुलांसाठी नोकरीच्या जाहिरातींची कात्रणे काढून ठेवीत, हा भाग निराळा. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. एक तारखेला हाती पडणाऱ्या पगारावर घरभाडे, शाळेची फी, आजीचे औषध आणि भिशीचा हप्ता बसविलेला असतो. अशा घराला अनिश्चितता परवडत नाही. म्हणूनच घरातला मुलगा किंवा मुलगी ‘स्वतंत्रपणे काही करायचे आहे’ असे म्हणू लागली की प्रथम काळजी शिरते. कौतुक मागाहून येते.

संगणक आला तेव्हा ही काळजी मिटेल असे अनेकांना वाटले. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली, एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्यातालुक्यांत निघाली आणि लक्षावधी मराठी मुलामुलींच्या हाती प्रमाणपत्र आले. संगणकाची भीती गेली, हे त्या अभ्यासक्रमाचे मोठेच श्रेय. परंतु प्रमाणपत्र फाईलीत लागल्यावर अनेक घरांत एक प्रश्न उरला, तो आजही विचारला जातो : संगणक येतो, मग त्यावर पोट का भरत नाही?

वस्तुतः ‘संगणक येणे’ हे ‘लेखणी धरता येणे’ यासारखे आहे. केवळ लेखणी धरता येते म्हणून कधी कोणाचा चरितार्थ चालला नाही. लेखणीने कोणी जमाखर्च लिहिला, कोणी दस्त लिहिले, कोणी जन्मपत्रिका मांडल्या. आणि ज्याने त्याने त्या त्या विद्येचे पैसे घेतले, लेखणीचे नव्हे. संगणकाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नजरेआड झाली. ती नीट उमगण्यासाठी एकाच व्यवसायाचा प्रवास थोडा सविस्तर पाहावयास हवा. तो व्यवसाय म्हणजे मराठी अक्षरजुळणी, अर्थात ज्याला सर्वजण डीटीपी म्हणतात तो.

मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला आणि त्याच्या सुबक देवनागरी टायपाची कीर्ती देशभर झाली. त्या काळापासून जवळजवळ सव्वाशे वर्षे मराठी मजकूर म्हणजे शिशाचे खिळे होते. जुळारी, म्हणजे कंपोझिटर, केसेससमोर उभा राहून एकेक खिळा उचलून ओळ बांधीत असे. इंग्रजीला जेथे थोड्या खणांत काम भागते तेथे देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खण लागत. त्यात खिळ्यावरचे अक्षर उलटे. म्हणजे ओळ वाचायची तीही उलटीच. छपाई झाली की तेच खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकावयाचे. शाळा फारशी न शिकलेले हे जुळारी ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मात्र पदवीधरांचे कान धरीत. लेखकाचे हस्ताक्षर कितीही गचाळ असो, ते लावून घेण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. प्राध्यापकांची हस्तलिखिते आधी जुळाऱ्यालाच कळत, मग विद्यार्थ्यांना, असा विनोद छापखान्यांत चाले.

१९८५ साली पेजमेकर ही आज्ञावली निघाली आणि लेझर प्रिंटरच्या जोडीने तिने जगभर छपाईपूर्व कामाचे स्वरूप पालटून टाकले. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मूळ संशोधन कानपूरच्या आयआयटीत झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या जिस्ट गटाने ते काम पुढे नेले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरची आकृती अशी अक्षरसंचांची पेटी बाजारात आली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस खिळ्यांच्या केसेस भंगारात निघू लागल्या होत्या.

या उलथापालथीत काही जुळारी घरी बसले. काहींनी मात्र चाळिशी उलटल्यावर कळफलक शिकून घेतला. आणि एक नवा वर्ग या व्यवसायात आला, तो म्हणजे घरातल्या गृहिणी. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात, पुढे तालुक्याच्या गावांतही, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि एक यूपीएस एवढ्या भांडवलावर कित्येक घरांनी स्वतंत्र उत्पन्न उभे केले. सकाळचा डबा करून, मुलांना शाळेत पोहोचवून पुस्तकाचा फर्मा लावावयाचा. दुपारी मुद्रितशोधकाच्या खुणा पाहून दुरुस्त्या करावयाच्या. संध्याकाळी ट्रेसिंगवर प्रती काढून छापखान्यात पाठवावयाच्या. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमन शिगेला पोहोचले होते, तेव्हा या घरांचे वेळापत्रक महावितरण ठरवीत असे. वीज पहाटे चारला येणार असेल तर काम पहाटे चारला. लग्नसराईतल्या पत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, संस्थांची स्मरणिका, कवितासंग्रह (यांचे पैसे सर्वांत उशिरा येत), आणि दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, त्या परंपरेने अक्षरजुळणीच्या या घरांनाही दर वर्षी दोन महिन्यांचे हमखास काम दिले.

म्हणजे सर्व सुरळीत झाले असे वाटावे, तोच दुसरी लाट आली.

ही लाट थोडी समजावून सांगावयास हवी. जुन्या अक्षरसंचांत एक युक्ती केलेली होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसविलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसे, परंतु संगणकाच्या लेखी तेथे कोणतेतरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. त्यामुळे एका अक्षरसंचात जुळविलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की सगळी अगम्य चिन्हे दिसत. युनिकोडने यावर कायमचा उपाय केला. जगातल्या प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एक पक्का क्रमांक मिळाला. ‘क’चा क्रमांक २३२५, मग संगणक पुण्यातला असो वा टोरांटोचा. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० पासून ती घराघरांतल्या संगणकात आली आणि प्रा. र. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी सुलेखनकाराने घडविलेला ‘मंगल’ अक्षरसंच सर्वांच्या पडद्यावर पोहोचला.

हे सर्व चांगलेच झाले. परंतु ज्यांचा व्यवसाय पेजमेकर आणि जुने अक्षरसंच या जोडीवर उभा होता, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. तिला युनिकोड देवनागरी उमजत नसे. व्यावसायिक पृष्ठमांडणीत ज्या इनडिझाइनचा वापर होतो, त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट उमटू लागली ती २०१२ सालच्या आवृत्तीपासून. मधली दहा-बारा वर्षे हा व्यवसाय एक पाय इकडे, एक पाय तिकडे असा चालला. आणि याच काळात मोबाइलवर मराठी टंकलेखन शाळकरी मुलेही करू लागली. केवळ टंकलेखनाचे, म्हणजे हाताच्या वेगाचे, पैसे देण्याचे ग्राहकाला कारण उरले नाही.

मग टिकले कोण? ज्यांना मराठी येत होते ते टिकले. यात अतिशयोक्ती नाही. एक लहानसे उदाहरण पुरेल. भोजनसमारंभाच्या वृत्तांतात ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना मजुरी दिली’ अशी दोन वाक्ये असतील तर दोन्ही शब्दांतील ‘र’ निराळा जुळवावा लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी नुक्त्याच्या ‘ऱ’ची वेगळी कळ आहे. ती ज्याला ठाऊक नाही तो स्वयंपाक्यांना गुरुपदी बसवितो आणि यंत्र त्याला अडवत नाही. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे मान्य केली. ती ज्या अक्षरसंचात आहेत तोच संच पाठ्यपुस्तकाला वापरावा, हे ग्राहकाला समजावून सांगणारा माणूस आणि ‘साहेब, फाँट कोणताही चालेल’ म्हणणारा माणूस यांच्या कमाईत फरक पडणारच. जुन्या अक्षरसंचांतील शेकडो पुस्तकांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे काम तर याच मंडळींकडे आले. रूपांतर यंत्र करते. परंतु रूपांतरात फुटलेली जोडाक्षरे, उलट्यापालट्या झालेल्या वेलांट्या आणि हरवलेले रफार शोधण्यास मूळ भाषा जाणणारा डोळा लागतो.

अवजार दर दहा-पंधरा वर्षांनी बदलले; त्यामागची विद्या तीच राहिली. जुळाऱ्याचा हात गेला, त्याचे भाषाज्ञान पुढच्या पिढीच्या कामी आले.

हाच न्याय हिशेबाच्या क्षेत्रात दिसतो. बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका यंत्रांचे सुटे भाग पुरविण्याचा व्यापार करीत. त्यांना स्वतःच्या जमाखर्चासाठी मनाजोगी आज्ञावली मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या आपल्या मुलाला, भरत गोएंका यांना, ती बनविण्यास सांगितले. त्यातून १९८६ साली टॅलीचा पाया घातला गेला. भरत गोएंकांना २०२० साली पद्मश्री मिळाली. टॅलीचे यश संगणकात जितके होते तितकेच व्यापाऱ्याच्या वहीच्या ज्ञानात होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा तालुक्याच्या बाजारपेठांत एकाएकी हजारो दुकानदारांना विवरणपत्रे भरणारा विश्वासू माणूस हवा झाला. ज्या वाणिज्य पदवीधरांना नावे-जमा पक्के ठाऊक होते, त्यांनी पाच-दहा दुकानांची कामे धरून घरबसल्या व्यवसाय उभा केला. ज्यांना टॅलीच्या केवळ कळा पाठ होत्या, ते दुसऱ्याच्या कार्यालयात नोंदी टाकीत राहिले.

सेतू आणि ‘आपले सरकार’ केंद्रांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण अनेक तरुणांची धाव तिकडे असते. दाखले, अर्ज, उतारे यांसाठी गर्दी असते, उत्पन्न लगेच सुरू होते, म्हणून हा व्यवसाय आकर्षक वाटतो. परंतु हे उत्पन्न शासकीय पद्धतीच्या अडचणीवर उभे आहे आणि पद्धत सुधारली की ते घटते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पुढे शेतकऱ्याचा मुलगा तो मोबाइलवरच काढू लागला. नागरिकाच्या दृष्टीने हे इष्टच आहे. केंद्रचालकाने मात्र पाच वर्षांनंतरचा विचार आजच करावयास हवा.

येथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट इशारा देणे कर्तव्य ठरते. ‘घरबसल्या टंकलेखन करा आणि महिना पंचवीस हजार कमवा’ अशा जाहिराती गेली वीस-पंचवीस वर्षे वेगवेगळ्या रूपांत येत आहेत. पूर्वी त्या वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत असत. पुढे त्या मोबाइलवर येऊ लागल्या. त्यांची रीत ठरलेली आहे. प्रथम नोंदणीशुल्क किंवा अनामत घेतली जाते. मग चित्ररूपातील शेकडो पाने टंकलेखनासाठी येतात, मुदत इतकी थोडी की झोप सोडावी लागावी. पाने पाठविली की ‘अचूकता ठरल्यापेक्षा कमी भरली’ असे कळविले जाते. मोबदला मिळत नाहीच, उलट करार मोडल्याबद्दल दंड भरा, नाहीतर न्यायालयात खेचू, अशी वकिलाच्या नावाची नोटीस येते. अब्रूला भिऊन मध्यमवर्गीय घर दंड भरून मोकळे होते आणि शेजाऱ्यालाही सांगत नाही. या न सांगण्यावरच हा धंदा चालतो. ज्या कामासाठी काम करणाऱ्यालाच आधी पैसे भरावे लागतात ते काम नव्हे, एवढे एक सूत्र घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवले तरी पुरे. फसवणूक झालीच तर गप्प न बसता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे जाऊन जितका कमी वेळ झाला असेल तितकी ते गोठविले जाण्याची शक्यता अधिक.

परदेशी कामे मिळवून देणाऱ्या बाजारपेठा याहून वेगळ्या. तेथे खरी कामे असतात. अपवर्क, फायवर अशा ठिकाणी भाषांतर, पृष्ठमांडणी, संकेतस्थळांची बांधणी करणारे मराठी तरुण आहेत आणि त्यातले काही उत्तम कमावतात. परंतु फायवरसारखी बाजारपेठ शंभर रुपयांतले वीस स्वतःकडे ठेवते आणि नव्या माणसाची स्पर्धा जगभरच्या स्वस्त हातांशी लागते, हे आधी समजून जावे. पहिली दोन वर्षे ओळखीच्या परिसरातील ग्राहक सांभाळून मग तेथे उतरलेला माणूस भाव पाडून काम घेत नाही. कारण त्याच्या घरची चूल त्या कामावर अवलंबून नसते.

भावाचा विषय निघालाच आहे तर तेथे थोडे थांबावे. मराठी माणसाला कामाचे पैसे मागण्याचा संकोच वाटतो, ही जुनीच तक्रार आहे. परंतु बहुतेकांना भाव काढता येत नाही, हे त्याहून मोठे कारण. समजा, एखाद्याला घरखर्चास महिना २५,००० रुपये लागतात. वीज, इंटरनेट, शाई-कागद आणि यंत्राची झीज मिळून ५,००० धरावेत. आरोग्यविमा आणि उतारवयाची तरतूद नोकरदाराला मालक करून देतो. येथे ती स्वतःच करावयाची, तिचे आणखी ५,०००. झाले ३५,०००. महिन्याचे २५ दिवस काम केले तरी दिवसाच्या आठ तासांतले पैशाचे काम सरासरी पाचच तास होते. उरलेले फोन, दुरुस्त्या, ये-जा आणि बिलाची आठवण करण्यात जातात. म्हणजे १२५ तासांत ३५,०००, ताशी २८० रुपये. एक पान जुळवून, मांडून, दोनदा दुरुस्त करून देण्यास पंधरा मिनिटे लागत असतील तर पानाला ७० रुपये पडले पाहिजेत. बाजारात त्याहून कमी मिळत असेल तर काम अधिक अवघड आणि अधिक ज्ञानाचे निवडावे लागेल. कमी भावात रात्री जागून भरपाई करण्याचा प्रयत्न करणारे पाठ, मनगट आणि डोळे गमावून बसतात. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर असावा.

मोबदला वेळेवर न मिळणे हा या व्यवसायातला सर्वांत जुना रोग. त्यावर एक कायदेशीर औषध उपलब्ध आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून काम करवून घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेस, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे दिले पाहिजेत. लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिनावार चक्रवाढीने व्याज लागते. त्यासाठीची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून संगणकावरून, एक पैसाही न भरता होते. घरातल्या एका टेबलावर काम करणारी व्यक्तीदेखील ती करू शकते. मात्र काम घेण्यापूर्वीच केलेली बरी. अर्थात प्रत्येक ग्राहकाला कायद्याचा बडगा दाखवावयाचा नसतो. निम्मी रक्कम आगाऊ, दोनपेक्षा अधिक फेऱ्यांच्या दुरुस्त्यांना वेगळा आकार, आणि दरपत्रक कागदावर, एवढे पथ्य पाळले तरी नव्वद टक्के भांडणे जन्मासच येत नाहीत. सेवा देणाऱ्यास वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणतः लागत नाही. आयकराचे विवरणपत्र मात्र उत्पन्न थोडे असले तरी दर वर्षी भरावे. पुढे घरासाठी कर्ज घेताना बँक साधारणतः तीन वर्षांची विवरणपत्रे मागते आणि तेव्हा ती मागील तारखेने निर्माण करता येत नाहीत.

भांडवल किती, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते, ते आरंभास पुरते. परंतु अनेकजण भांडवल वाचविण्यासाठी आज्ञावली चोरीची वापरतात आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटतही नाही. स्वाभिमानाने स्वतंत्र जगण्याचा आरंभ दुसऱ्याच्या श्रमाच्या चोरीने व्हावा, हे शोभणारे नाही. शिवाय आता त्याची गरजही उरलेली नाही. लिबरऑफिस, स्क्राइबस, इंकस्केप या आज्ञावली मोफत आणि कायदेशीर आहेत. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने घडविलेले मुक्ता आणि बलू यांसारखे देखणे देवनागरी अक्षरसंच खुल्या परवान्याने कोणालाही वापरता येतात.

आता घराविषयी. स्वतंत्र व्यवसाय करणाराची खरी परीक्षा बाजारात होते त्याहून अधिक घरात होते. दिवसभर संगणकासमोर बसलेला मुलगा ‘रिकामा’ आहे असे धरून त्याला गॅसच्या रांगेत, पाहुण्यांना आणण्यास स्थानकावर, लहान भावाच्या शाळेत पिटाळले जाते. स्थळ पाहावयास आलेली मंडळी ‘कोणत्या कंपनीत?’ असे विचारतात आणि वडील उत्तर देताना आवंढा गिळतात. मुलीच्या बाबतीत तर तिचे उत्पन्न हे ‘वेळ घालविण्याचे साधन’ मानले जाते, मग त्यावर घराचा हप्ता का जाईना. कुटुंबाने कामाचे तास आणि एक कोपरा नेमून दिला, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी साठेपर्यंत धीर धरला, तर घरातून मिळालेले हे भांडवल बँकेच्या कर्जाहून मोलाचे ठरते.

तिसरी लाट आता आलेली आहे. २०२२ च्या जुलैत केंद्र शासनाने भारतीय भाषांमधील यांत्रिक भाषांतरासाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम आरंभिला. त्याच वर्षाच्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. भाषांतराचा पहिला खर्डा, जाहिरातीचा मजकूर, पत्रिकेची रचना, लहानसहान आज्ञावली, हे सर्व यंत्र क्षणार्धात करू लागले. ज्यांचे काम एका भाषेतील शब्दांजागी दुसऱ्या भाषेतील शब्द ठेवणे एवढेच होते, त्यांच्या पोटावर पाय येतो आहे. हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु यंत्राने केलेले औषधाच्या पत्रकाचे भाषांतर तपासून त्याखाली स्वतःचे नाव घालण्यास जबाबदार माणूसच लागतो. डोस चुकला तर यंत्र उत्तरदायी नसते. ग्रामपंचायतीचा ठराव, न्यायालयात द्यावयाचा दस्त, पतसंस्थेचा ताळेबंद यांत ‘चालेल’ असे काही नसते. तेथे जो तपासतो तो अधिकाधिक मोलाचा होत आहे. आणि तपासण्यासाठी मूळ विषय यावा लागतो.

‘मग आरंभ कोठून करावा?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाच्या गावातच आहे. गावातल्या जुन्या छापखान्यात किंवा करसल्लागाराच्या कार्यालयात वर्ष-सहा महिने उमेदवारी करावी, पगाराचा आग्रह न धरता पण कामाचा आग्रह धरून. त्या काळात गावाचे कामाचे पंचांग समजते. महाराष्ट्रातील सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. म्हणजे प्रत्येक पतसंस्था, दूधसंस्था, गृहनिर्माण संस्थेला श्रावण-भाद्रपदात अहवाल छापून हवा. आणि ज्याला ताळेबंद वाचता येतो व मराठीही येते, असा जुळणी करणारा तालुक्यात एखादाच असतो. फाल्गुनापासून लग्नपत्रिका, जूनमध्ये शाळांची कामे, गणपतीच्या आगेमागे अहवाल आणि मंडळांच्या स्मरणिका. अहवालाची शेवटची पाने हातावेगळी होतात न होतात, तोच दिवाळी अंकाचे पहिले हस्तलिखित दारात येऊन पडलेले असते.